मुठीतले लाकूड

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची मूठ मुळात पोलादाची एक चपटी, पोकळ चौकट असते. तिच्या पोकळीत गोळ्यांचे मॅगझिन खालून सरकवले जाते आणि उघडे पोलाद तळहाताला लागू नये, पकड भरीव वाटावी, म्हणून तिच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक पातळ फळी स्क्रूने आवळलेली असते. या फळ्यांना ग्रिप म्हणतात. कारखान्यातून आलेले पिस्तूल आपल्या हाताला आणि कामाला जुळेल असे कारागिराकडून बदलून घेण्याची जी परंपरा अमेरिकेत रुजली आहे, तिच्यात या फळ्यांना विशेष मान आहे. चाप, नेमाच्या खुणा आणि नळी यांवर भरपूर खर्च झाल्यानंतर मालक अखेरीस मध्य अमेरिकेतील कोकोबोलो किंवा पूर्व आफ्रिकेतील ब्लॅकवुड अशा एखाद्या दुर्मीळ लाकडाची जोडी निवडतो, आणि त्यामुळे या फळ्या म्हणजे निव्वळ दागिना असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. गोळी सुटताना पिस्तूल हातात वळू नये याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात याच फळ्यांवर असते, यंत्रणेचे काही छोटे भाग त्यांच्या आधाराने जागेवर राहतात, आणि फळी मिलिमीटरच्या अंशाने चुकली तरी सुरक्षेचा खटका अडखळू शकतो. लाकूड कोणते यापेक्षा ते बसवले कसे हा प्रश्न आधीचा आहे. ग्राहक मात्र तो बहुधा शेवटी विचारतो.

या कारागिरीचे सर्वांत परिचित क्षेत्र म्हणजे ‘१९११’ याच नावाने ओळखले जाणारे पिस्तूल. यूटा राज्यातील ऑग्डेन येथे जन्मलेल्या जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) याने त्याची रचना केली, कोल्ट कंपनीने ते घडवले, आणि २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी लष्कराने ते स्वीकारल्यापासून १९८५ मध्ये बेरेटाच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची निवड होईपर्यंत ते तिथल्या सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले. त्याच्या नळीचा व्यास ०.४५ इंच, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर, आणि रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे १.१ किलो. सुरुवातीच्या फळ्या अमेरिकी काळ्या अक्रोडाच्या होत्या. हात घसरू नये म्हणून त्यांच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी कोरलेली असे, मात्र वरच्या आणि खालच्या स्क्रूभोवती समभुज चौकोनाच्या आकाराची जागा कोरी सोडली जाई. जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना ही चौकोनांची जोडी फार प्रिय आहे. पण तिचा उपयोग केवळ शोभेचा नव्हता, कारण स्क्रूच्या डोक्याचा दाब जिथे पडतो तिथे लाकूड पूर्ण जाडीचे राहिले तर ते सहजी चिरत नाही. १९२० च्या दशकात पिस्तुलाची सुधारित ‘ए-१’ आवृत्ती आली तेव्हा हे कोरे चौकोन गेले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खुद्द लाकूडही जाऊन त्याच्या जागी तपकिरी प्लास्टिकच्या ओतीव फळ्या आल्या. लढाईच्या कामाला प्लास्टिक अधिक योग्य होते हे मान्य करायला हवे, कारण ते पावसात फुगत नाही आणि उन्हात आक्रसत नाही.

लाकूड परतले ते सैन्याबाहेर. महायुद्धानंतर जुनी लष्करी पिस्तुले अमेरिकेच्या नागरी बाजारात आली आणि लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी ती अधिक अचूक करून देणारे कारागीर नावारूपाला आले. लुइझियानातील जिम क्लार्क आणि कॅलिफोर्नियातील आर्मंड स्वेन्सन ही त्यांतली दोन ठळक नावे. नेमबाजीचे अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये मिसूरीतील कोलंबिया येथे व्यावहारिक नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि हलत्या, वेगवान स्पर्धांच्या या नव्या प्रकाराने हातात नेमके बसणाऱ्या पिस्तुलाची मागणी आणखी वाढवली. या सगळ्यात १९११ टिकून राहिले त्याचे एक साधे कारण असे की त्याच्या फळ्या चौकटीपासून वेगळ्या होतात. १९८० च्या दशकापासून ग्लॉकसारख्या पिस्तुलांची मूठ पॉलिमरच्या एकाच ओतीव तुकड्याची झाली, आणि जिथे फळीच नाही तिथे लाकडाला जागा कुठून मिळणार? वेगळ्या होणाऱ्या फळ्यांचे भारतीय वाचकाच्या ओळखीचे उदाहरण द्यायचे तर ब्राउनिंगने आरंभलेल्या आणि द्यूदोने सैव्ह या बेल्जियन रचनाकाराने पूर्णत्वाला नेलेल्या हाय-पॉवर पिस्तुलाचे देता येईल. त्याची भारतीय आवृत्ती पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनली आणि सैन्य-पोलिसांच्या हाती गेली. त्यात प्रत्येक फळीला एकच स्क्रू असतो, १९११ मध्ये दोन, आणि एक स्क्रू वाढल्याने फळी बसवण्याचे गणित बरेच बदलते.

ते गणित समजण्यासाठी आधी लाकडाचा स्वभाव पाहावा लागतो. पोलाद सर्व दिशांना सारखे वागते, लाकूड तसे वागत नाही. खोडातील पेशी बारीक लांबट नळ्यांप्रमाणे उभ्या रचलेल्या असतात आणि हवेतील दमटपणा वाढला की त्यांच्या भिंती पाणी शोषून फुगतात, कोरड्या हवेत तेच पाणी सोडून आक्रसतात. हा बदल खोडाच्या उभ्या दिशेत नगण्य असतो, वाढीच्या वलयांना स्पर्श करणाऱ्या दिशेत सर्वांत जास्त असतो, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत त्याच्या साधारण निम्मा असतो. म्हणून मुठीची फळी नेहमी लाकडाच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेने धावतील अशीच कापतात. पूर्ण आकाराच्या १९११ मध्ये दोन स्क्रूंमधले अंतर सुमारे ७८ मिलिमीटर असते, आणि ते रेषांच्या दिशेतच मोजलेले असल्यामुळे ऋतू कोणताही असला तरी भोके चौकटीशी जुळून राहतात. रुंदीचे तसे नाही. अक्रोडाची सुमारे ३५ मिलिमीटर रुंद फळी स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेली असेल आणि तिच्यातील पाण्याचे प्रमाण कोरड्या हवेतील ६ टक्क्यांवरून दमट हवेतील १२ टक्क्यांपर्यंत गेले, तर ती साधारण अर्धा मिलिमीटर रुंद होते. टेबलासाठी हा फरक काहीच नव्हे. पिस्तुलाच्या मुठीवर मात्र फळीच्या कडेशेजारी हलणारे भाग असतात, आणि अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक तिथे प्रत्येक ठिकाणी ठेवलेली नसते.

दुर्मीळ लाकडांना मागणी आहे ती रंगरूपामुळे, पण त्यांतली काही या कामाला खरोखरच चांगली आहेत. कोकोबोलो हे त्यांतले अग्रगण्य. मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पॅसिफिक बाजूच्या कोरड्या जंगलांत वाढणारा हा वृक्ष शिसवाच्याच डाल्बर्जिया वंशातला. त्याचे लाकूड ताजे कापल्यावर नारिंगी-लाल दिसते, उजेडात हळूहळू गडद होते, आणि त्यातून काळ्या-जांभळ्या रेषा वळणे घेत जातात. त्याची घनता प्रत्येक घनमीटरला सुमारे १,१०० किलो, म्हणजे पाण्यात टाकले तर बुडेल इतकी असते. काळ्या अक्रोडाची घनता सुमारे ६१० किलो असते. कोकोबोलोत नैसर्गिक तेलही भरपूर असते, त्यामुळे ते ओलावा सावकाश घेते, सावकाश सोडते आणि एकूण कमी हलते. घामेजलेल्या हातात रोज राहणाऱ्या वस्तूसाठी याहून जास्त काय हवे? तेच तेल पुढे चिकटवताना आणि रोगण देताना अडचणही निर्माण करते, पण तो भाग नंतरचा.

टांझानिया आणि मोझांबिकमध्ये मिळणारे, स्वाहिलीत म्पिंगो म्हणून ओळखले जाणारे आफ्रिकन ब्लॅकवुड हेही डाल्बर्जियाच. क्लॅरिनेट आणि ओबो ही सुषिर वाद्ये त्याचीच करतात, कारण ते अतिशय घट्ट, बारीक कणांचे आणि कापल्यानंतर आकार धरून ठेवणारे आहे. त्याची घनता सुमारे १,२७० किलोपर्यंत जाते आणि त्यावर अत्यंत बारीक कोरीव जाळीही तुटत नाही. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम-गयाना भागातले स्नेकवुड, ज्याच्यावर सापाच्या कातडीसारखे काळे ठिपके असतात, दिसायला यांहून आकर्षक असले तरी वाळताना फार चिरते, आणि छोट्या तुकड्यांतही आतली बारीक भेग महिन्यांनी वर येऊ शकते. किमतीचा आणि उपयुक्ततेचा संबंध इथे अनेकदा उलटा लागतो. हीच गोष्ट गाठींच्या लाकडाची. झाडाच्या खोडावर फुगलेल्या गाठीत रेषा कोणत्याही एका दिशेने न जाता गुंतलेल्या असतात. त्यामुळे तिचे रूप विलक्षण दिसते, पण रेषांची दिशा लांबीत ठेवण्याचा नियमच तिथे लागू करता येत नाही. म्हणून अशा मऊ, गुंतागुंतीच्या लाकडात निर्वात पात्रात ॲक्रिलिक राळ भरून ती उष्णतेने घट्ट करतात. अशा ‘स्थिर केलेल्या’ लाकडाला बाजारात चांगला भाव आहे. तेलकट कोकोबोलोवर ही प्रक्रिया नीट होत नाही, आणि त्याला तिची फारशी गरजही नाही.

सह्याद्रीच्या आणि एकूण दक्षिण भारताच्या जंगलांतील शिसव, म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, या यादीत सहज बसते. पाश्चात्त्य कारागीर त्याला ईस्ट इंडियन रोझवुड म्हणतात आणि गिटारपासून पिस्तुलाच्या मुठीपर्यंत त्याचा उपयोग करतात. सुमारे ८३० किलो घनतेचे हे लाकूड अक्रोड आणि कोकोबोलो यांच्या मधले आहे. त्याची छिद्रे थोडी मोठी असल्यामुळे आरशासारखी झिलई हवी असेल तर ती भरून घ्यावी लागतात. मराठी मुलखातल्या जुन्या वाड्यांत शिसवी पलंग आणि पेट्या पाहिलेल्या वाचकाला त्याचा जांभळट तपकिरी रंग नव्याने सांगण्याची गरज नाही. विदर्भात ज्याची पाने विडीसाठी गोळा होतात तो तेंदू डायोस्पायरोस वंशातला, आणि श्रीलंका-दक्षिण भारतातले काळेभोर आबनूस त्याच वंशातले आहे. या आबनुसाच्या फळ्याही होतात, मात्र त्या कडक असल्या तरी ठिसूळ असतात आणि पातळ कडांना टवका उडण्याची भीती राहते.

अशा लाकडांच्या मागणीचा भार शेवटी जंगलावर पडतो, आणि त्यासाठीचे कायदे फळ्या विकत घेणाऱ्यालाही लागू होतात. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा सायटीस हा करार १९७३ मध्ये झाला, १९७५ मध्ये अमलात आला आणि भारत १९७६ मध्ये त्याचा सदस्य झाला. ब्राझीलचे शिसव, डाल्बर्जिया नायग्रा, १९९२ मध्ये त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेले. २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेनंतर २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या उरलेल्या सर्व जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे त्यांचा व्यापार बंद झाला नाही पण सीमेपलीकडे नेताना परवान्याची अट आली. ही सरसकट नोंद करण्यामागे कारण होते: कापून आलेल्या फळीवरून ती कोणत्या जातीची हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला ओळखता येत नाही, आणि एका जातीच्या नावाखाली दुसरी सहज जाते. तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सवलत आहे, आणि २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत शीशमाच्या (डाल्बर्जिया सिसू) वस्तूंसाठी ती मर्यादा संपूर्ण मालाऐवजी प्रत्येक वस्तूला लागू असल्याचा खुलासा झाला. मुठीच्या दोन फळ्यांचे वजन अगदी थोडे असते, त्यामुळे सवलतीत त्या सहज मावतात. न घडवलेल्या ठोकळ्याला मात्र ती सवलत नसते. ज्या काळात दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांच्या रिव्हॉल्व्हरची हस्तिदंती मूठ मिरवली गेली, त्या काळात असले प्रश्न कोणी विचारत नव्हते.

लाकूड निवडल्यावर चांगला कारागीर एकाच ठोकळ्यातून, पुस्तक उघडावे तशा, शेजारशेजारचे दोन तुकडे काढतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या फळीवरच्या रेषा एकमेकींचे प्रतिबिंब वाटतात. मग ते तुकडे कित्येक आठवडे कार्यशाळेच्या हवेत तसेच ठेवले जातात; त्यांचे आतले पाणी बाहेरच्या हवेशी जुळल्याशिवाय त्यांना अंतिम माप देणे म्हणजे आजचे माप उद्या बदलण्याची सोय करून ठेवणे आहे.

बसवण्याचे काम पिस्तूल रिकामे करण्यापासून सुरू होते: मॅगझिन काढणे, वरची सरकती स्लाइड मागे ओढून अडकवणे, नळीच्या मागचा गोळीचा कप्पा डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, आणि गोळ्या त्या टेबलापासून दूर ठेवणे. त्यानंतर जुने स्क्रू खाचेत तंतोतंत बसणाऱ्या पेचकसानेच काढायचे असतात. सैल पेचकस खाच फाडतो आणि घसरून चौकटीवर ओरखडा उमटवतो. १९११ च्या बाबतीत इथेच एक बारकावा आहे. स्क्रू थेट चौकटीत जात नाहीत. चौकटीत आधी चार छोटे पोकळ बुश आटे पाडून घट्ट बसवलेले असतात, फळीची भोके या बाहेर आलेल्या बुशांवर चढतात, आणि स्क्रू बुशाच्या आतल्या आट्यांत जातो. जुना स्क्रू गंजलेला किंवा चिकटलेला असला तर तो फिरवताना पूर्ण बुशच चौकटीतून सुटून येतो. मग बुश पुन्हा बसवून आतल्या बाजूने ठोकून किंवा आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाने पक्का करावा लागतो.

नव्या फळीची आतली बाजू सपाट असणे ही पहिली अट. काचेच्या जाड तुकड्यावर बारीक सँडपेपर पसरून त्यावर फळी घासली की उंचवटे लगेच दिसतात. त्यानंतर चौकटीला काजळी किंवा निळ्या रंगाचा अगदी पातळ लेप लावून फळी दाबून पाहतात. रंग जिथे उमटेल तिथे लाकूड टेकते आहे असे समजायचे, आणि टोचणारा ठिपका पटाशीने किंवा खरवडणीने उतरवायचा. हे अनेक वेळा करावे लागते. फळी बुशांवर अंगठ्याच्या दाबाने चढली पाहिजे. ठोकून चढवावी लागत असेल तर भोक लहान आहे, आणि आज न चिरलेले लाकूड पुढच्या दमट दिवसांत त्याच भोकापासून चिरेल. उलट भोक सैल असेल तर प्रत्येक गोळीबरोबर फळी केसभर सरकते आणि भोक आणखी मोठे करत जाते. त्याहून फसवी चूक जाडीची. स्क्रूच्या डोक्याखाली जे लाकूड उरते त्याची जाडी बाहेर आलेल्या बुशाच्या उंचीपेक्षा किंचित जास्त असायला हवी. ती कमी असेल तर स्क्रू बुशावर जाऊन टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि फळी मात्र खाली हलत राहते. अशा वेळी नवखा माणूस स्क्रू आणखी आवळतो आणि आटे बिघडवतो.

नेहमीच्या फळीची जाडी सुमारे सहा मिलिमीटर आणि लहान हातांसाठी केलेल्या बारीक फळीची साडेचार ते पाच मिलिमीटर असते. दोन्ही बाजू मिळून मुठीची जाडी दोन-तीन मिलिमीटरने कमी झाली तरी चापापर्यंत पोहोचणाऱ्या बोटाला फरक जाणवतो. पण बारीक फळीबरोबर बुटके बुश आणि आखूड स्क्रूही घ्यावे लागतात. जुना लांब स्क्रू तसाच वापरला तर त्याचे टोक मॅगझिनच्या पोकळीत डोकावते, मॅगझिनला घासते आणि ते सहज खाली पडू देत नाही. स्पर्धेत मॅगझिन बदलण्याला सेकंदाचा अंशही मोलाचा असतो, आणि स्वसंरक्षणासाठी बाळगलेल्या पिस्तुलात हा दोष त्याहून गंभीर.

सगळ्यांत काळजीचे काम डाव्या फळीच्या वरच्या कडेचे. तिथे चौकटीवर प्लंजर ट्यूब नावाची एक बारीक आडवी नळी दोन खुंट्यांनी बसवलेली असते. तिच्यात एक स्प्रिंग आणि दोन टोकांना दोन खिळे असतात, त्यांतला एक मागच्या सेफ्टीच्या खटक्याला वर किंवा खाली जागेवर धरून ठेवतो आणि दुसरा पुढच्या स्लाइड अडवणाऱ्या खटक्याला. खुंट्या आतून ठोकून पसरवलेल्या असतात आणि सततच्या धक्क्याने त्या सैल होऊ शकतात. डाव्या फळीची कड या नळीला टेकून तिला आधार देते. शोभेसाठी ही कड जास्त गोल घडवली किंवा घासताना खाली गेली, तर तो आधार जातो; नळी हलली तर सेफ्टीचा खटका मधेच अडू शकतो. हीच कड जास्त उंच राहिली तर खटका खाली आणताना लाकडाला घासतो. थोडक्यात, ज्या एका रेषेवर लाकडाला अजिबात फुगायला किंवा आक्रसायला वाव नाही तिथेच ते टेकलेले असते, आणि म्हणून या जागेसाठी शांत स्वभावाचे, पूर्ण वाळलेले लाकूड निवडण्यात शहाणपण आहे.

उजव्या फळीला वेगळे काम पडते. स्वेन्सन यांच्यासारख्या कारागिरांनी दोन्ही हातांनी चालवता येणारी सेफ्टी लोकप्रिय केली, आणि तिच्या काही प्रकारांत उजव्या खटक्याचे एक छोटे टोक फळीच्या खाली दाबून ठेवलेले असते. ते फिरू शकेल इतकी खाच फळीच्या आतून कोरावी लागते, पण इतकी खोल नाही की खटका बाहेर सुटेल. मॅगझिन लवकर घालता यावे म्हणून मुठीच्या तळाशी पसरट तोंड बसवले असेल तर फळीचे खालचे टोक आखूड करावे लागते, आणि मूठ मागून गोल कापलेली असेल तर तिथे फळीही तशीच गोल करावी लागते. आखूड मुठीच्या पिस्तुलात स्क्रूंमधले अंतर सुमारे ६८ मिलिमीटर असते, त्यामुळे तिच्या फळ्या पूर्ण आकाराला चालत नाहीत. तयार फळ्या विकत घेऊन ‘बसतील’ असे गृहीत धरणाऱ्यांची निराशा याच ठिकाणी होते. सगळे झाल्यावर प्रत्येक खटका, मॅगझिनचे बटण आणि रिकाम्या मॅगझिनचे पडणे पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय काम पुरे म्हणता येत नाही.

रेषांची जाळी कोरायची असेल तर ती फळी चौकटीवर बसल्यानंतर, पण अंतिम झिलईच्या आधी कोरतात. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या दातांचे छोटे हत्यार आधी दोन मुख्य रेषांवर चालवतात, मग त्यांच्या समांतर एकेक रेषा वाढवत जातात. एका इंचात वीसच्या आसपास रेषा बसतात आणि छेदनातून टोकदार चौकोन उभे राहतात. एकही रेषा वाकली की ती चूक शेवटपर्यंत वाढत जाते. मऊ लाकडात हे चौकोन तुटतात, ब्लॅकवुडसारख्या घट्ट लाकडात टिकतात. कोकोबोलोच्या नक्षीदार रेषा दिसाव्यात म्हणून अनेक मालक फळी गुळगुळीतच ठेवतात, आणि ओल्या हातात अशी मूठ खरोखर घसरते. अर्धी जाळी, अर्धी मोकळी ही तडजोड त्यातल्या त्यात समंजस वाटते.

अक्रोडाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात देऊन प्रत्येक हात वाळू देण्याची रीत जुनी आणि भरवशाची आहे. हे तेल वाळते म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते. डाल्बर्जिया वंशातील तेलकट लाकडांमधील काही द्रव्ये हाच संयोग रोखतात, त्यामुळे कोकोबोलोवर दिलेले तेल कित्येक दिवस चिकट राहते. म्हणून त्याचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच रोगण देतात, किंवा सरळ अतिबारीक सँडपेपरने घासून मेणाने चमकवतात. त्याची घनताच इतकी असते की रोगणाशिवायही ते चकाकते. या लाकडाची धूळ मात्र साधी नाही. कोकोबोलोच्या धुळीतील क्विनोन वर्गातील द्रव्यांनी त्वचेवर पुरळ आणि सूज येते, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढच्या वेळी थोड्या धुळीनेही त्रास होतो. कठीण लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे, म्हणून मुखवटा आणि धूळ ओढणारे यंत्र हे या कामातले ऐच्छिक उपकरण नव्हे. पिस्तूल साफ करताना फळ्या काढून ठेवाव्यात, कारण नळी साफ करण्याची द्रावणे रोगण खातात. शिवाय फळीखाली साचलेल्या घामाने चौकटीवर गंज चढतो तो फळी काढल्याशिवाय दिसतच नाही.

महाराष्ट्राचा लाकडी मुठीशी खरा संबंध येतो तो ऑलिम्पिक धर्तीच्या नेमबाजीत. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारातील पिस्तुलांची मूठ चौकटीला लावलेल्या दोन फळ्यांची नसून हाताच्या आकाराप्रमाणे घडवलेल्या पूर्ण लाकडी तुकड्याची असते, अंगठ्यासाठी खोबण आणि तळहाताखाली वर-खाली सरकवता येणारी पायरी असलेली. तिथे दुर्मीळ लाकडाच्या रेषांना फारसे महत्त्व नाही. लाकूड बहुधा अक्रोडाचे असते, आणि खेळाडू ते कानशीने उतरवतो, जिथे पोकळी राहते तिथे लाकूडपुट्टी भरतो, हात दाबून ठसा उमटवतो आणि वाळल्यावर पुन्हा घासतो. काही महिन्यांनी मूळ लाकूड पुट्टीखाली जवळजवळ झाकले जाते. १९११ च्या मालकाला हे पाहवणार नाही. पण हातात बसणे हीच मुठीची कसोटी मानली तर या ओबडधोबड मुठी कोकोबोलोच्या झळझळीत जोडीपेक्षा सरस ठरतात. त्यांच्यावर मर्यादाही आहेत: मनगट पूर्ण मोकळे राहिले पाहिजे, आणि स्पर्धेपूर्वीच्या साहित्य तपासणीत १० मीटर एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या आणि २५ मीटर पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. पुट्टीचा थर एका बाजूला जास्त होऊन मूठ त्या ५० मिलिमीटरच्या बाहेर गेली, तर खेळाडूला तो उतरवून पुन्हा तपासणीला यावे लागते.